हॉलीला दाखवलेली करवत

आयर्लंडातल्या आमच्या ब्लँचर्डस्टाउनच्या घराच्या दारात हॉलीचं, नाताळच्या सजावटीत असते त्या काटेरी हॉलीचं, एक झाड आहे. नवरा त्याला झुडूप म्हणतो. झुडूप म्हटलं की छाटायचं काम पुढच्या शनिवारवर ढकलता येतं. मी झाड म्हणते, कारण ते वरच्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीपर्यंत पोचलंय आणि वारा सुटला की काचेवर नखं ओढत बसतं. घर दाखवताना एजंटने बॉयलर दाखवला, पोटमाळा दाखवला, भिंतीतली कपाटं एकेक करून उघडून दाखवली. या झाडाबद्दल मात्र त्याने अवाक्षर काढलं नाही. गाडी लावायच्या जागेतला चांगला मोठा तुकडा झाडाने गिळलेला होता, तेव्हा गप्प बसण्यात त्याचं हित होतं.

झाडाचा स्वभाव सांगते. पानं जाड, काळपट हिरवी, नुकताच तेलाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत, आणि कडेने काटे. वाळून खाली पडलेलं पान तर हिरव्या पानापेक्षा जास्त टोचतं, म्हणजे मेल्यावरही वैर सोडत नाही. गंमत अशी की काट्यांचा हा सगळा थाट खालच्या फांद्यांवर. शेंड्याकडे नजर टाकली तर पानं अगदी साधी, गुळगुळीत, सरळ कडेची. गुराढोरांची तोंडं जिथवर पोचतात तिथवरच बंदोबस्त ठेवायचा, त्याच्या वर कोण येणार आहे खायला, असा हिशेब. मला हे धोरण फार पटतं. ऑफिसात मीही गेली कित्येक वर्षं साधारण असंच वागते.

राहायला आलो त्या आठवड्यात गवत उपटताना पहिला काटा बोटात गेला. ‘आई गं’ म्हणत बोट तोंडात घातलं आणि चिपळूणच्या घरामागच्या टेकाडावरची करवंदाची जाळी जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. करवंदं काढायला गेलं की हात ओरबाडून निघायचे, फ्रॉकला चीक लागायचा आणि तो जन्मात निघायचा नाही. घरी आल्यावर आई आधी धपाटा घालायची आणि मग खोबरेल लावायची. हा क्रम कधी चुकला नाही. त्या दिवशी हॉलीपाशी बसून मला धपाटा आणि खोबरेल या दोन्हींची सारखीच आठवण आली. तेव्हापासून या झाडाशी माझं जमलं.

आमच्या पुढच्या कुंपणाची भिंत शेजाऱ्यांच्या दारापासून सरळ येते, हॉलीपाशी आली की पोट आत ओढून वळसा घेते आणि पुन्हा सरळ चालू लागते. हे असं का, ते शेजारच्या आजोबांनी सांगितलं. गृहस्थ आयरिश, पंचाहत्तरीच्या पुढचे. आयुष्यभर विम्याच्या कचेरीत बसून लोकांना अपघातांची भीती घातली आणि आता निवृत्त होऊन फुकट घालतात. ही वसाहत बांधली तेव्हा खोदकामाचं यंत्र चालवणाऱ्या माणसाने हॉली उपटायला साफ नकार दिला म्हणे. हॉली तोडणं वाईट, तिच्या आसऱ्याला ‘ती मंडळी’ असतात. कोण मंडळी, असं विचारलं की आजोबा आभाळाकडे बघतात. आपण स्वतः असलं काही मानत नाही असं त्यांनी मला ठासून सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाले की तेवढं तोडू मात्र नका. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडेही कुणी काही मानत नाही आणि तिन्हीसांजेला पिंपळाखालून कुणी जातही नाही.

डिसेंबर आला की वसाहतीतल्या हॉल्या लाल फळांनी लगडतात. आजोबांच्या परसातली हॉली तर इतकी नटते की लग्नातल्या करवलीने लाजावं. आमची हॉली हिरवीगार, ठणठणीत, आणि फळ औषधालाही नाही. पहिल्या वर्षी मी थंडीला दोष दिला, दुसऱ्या वर्षी पक्ष्यांना. मग एका मे महिन्यात तिला बारीक पांढरी फुलं आली तेव्हा मोबाइलवर फोटो मोठे करकरून बघितले, चार ठिकाणी वाचलं आणि उलगडा झाला. हॉलीत नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी असतात, आपल्या पपईसारखी. आमचा नर निघाला. फळ धरणं हे त्याचं कामच नव्हे. मधमाश्या त्याच्याकडचे पराग घेऊन जातात आणि गल्लीतल्या बाकीच्या जणी लाल होतात. हे वाचून मला इतकं हायसं वाटलं की मी ऊठसूट खिडकीतून त्याच्याकडे बघून हसायला लागले.

हायसं वाटायला कारण होतं. आम्हाला मूल नाही. व्हावं म्हणून आम्ही अनेक वर्षं जे जे करतात ते सगळं केलं. आमच्या फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी इंजेक्शनं असायची. कारण कुणाला सापडलं नाही, त्याच्यात नाही आणि माझ्यातही नाही, आणि कारण सापडत नाही म्हटल्यावर प्रत्येकजण आपलं एकेक कारण घेऊन यायचा. प्रत्येक वेळी डॉक्टरीणबाई मान तिरपी करून म्हणायच्या, पुढच्या वेळी बघू. मग एका उन्हाळ्यात आम्ही दोघं शहरातल्या बॉल्सब्रिज भागात एका बाकावर सँडविच खात बसलो होतो आणि नवरा म्हणाला, बस करू या का. मी हो म्हटलं. थोडं रडलो, आणि घरी जाताना पिझ्झा घेतला, कारण सँडविच अर्धं टाकून दिलं होतं.

प्रश्न आईला सांगण्याचा होता. नवऱ्याने नागपूरला आपल्या घरी फोनवर तीन वाक्यांत सांगून टाकलं आणि चौथ्या वाक्यात क्रिकेटवर आला. मला ते जमणारं नव्हतं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आईजवळ वाट पाहण्यासारखी ही एकच गोष्ट उरली होती. ती मी काढून घेणार होते. नोव्हेंबरात ती तीन महिन्यांसाठी यायची होती, एकटीने पहिल्यांदाच. ती समोर आली की सांगेन, असं मी ठरवलं, आणि ती समोर आल्यावर पाच आठवडे सांगितलं नाही.

आई आली ती कुळथाचं पीठ, आमसुलं, मेतकूट आणि मेतकुटाच्या पिशवीत दडवलेली आणखी एक पिशवी घेऊन. त्या आतल्या पिशवीत करड्या रंगाची पूड होती. ती माझ्या मावशीने दिलेली होती. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिला अख्ख्या नात्यागोत्यातल्या गर्भाशयांची अद्ययावत माहिती असते. रोज आमच्या दुपारी, म्हणजे चिपळूणच्या दिवेलागणीला, ती आईला व्हिडिओ कॉल करते आणि फोन कानाला लावून बोलते. त्यामुळे आम्हाला पडद्यावर तिचा उजवा कान आणि त्यातली कुडी एवढंच दिसतं. त्या कानाने आईला कामगिरीवर धाडलं होतं. पूड योग्य दिवशी, योग्य दुधातून सुरू करायची होती, आणि तो दिवस मावशी पंचांग बघून कळवणार होती.

दारातलं झाड आईला पहिल्या दिवसापासून खुपलं. दारात काटेरी झाड असलं की घरात भांडणं होतात, हे तिने चपला काढायच्या आधी सांगितलं. नवरा म्हणाला की हे आधी कळलं असतं तर सगळा दोष झाडावर टाकून आम्ही सुखाने नांदलो असतो. पण डिसेंबर लागला, गल्लीतल्या हॉल्या लाल झाल्या आणि आईची तक्रार बदलली. एवढं दणकट झाड, आणि ह्याला फळ कसं नाही? खत घालतेस का? नजर लागली असेल का? मी म्हटलं, असतं एखादं तसं. झाड नर आहे एवढे तीन शब्द सांगितले असते तर विषय मिटला असता. पण फळ कुणाला लागतं आणि कुणाला का लागत नाही, या वाटेने तिच्याबरोबर एक पाऊलही टाकायची माझी तयारी नव्हती. त्या वाटेच्या शेवटी मीच उभी होते.

मग एका शनिवारी सकाळी तिने मला हाक मारली आणि म्हणाली की आपण ह्याला भीती घालू या. मला लगेच कळलं. चिपळूणच्या आमच्या परसात कापा फणस होता, तो वर्षानुवर्षं नुसता वाढला. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि गणिताबाहेरचं काही मानायचे नाहीत. तरी एका संध्याकाळी ते कोयती घेऊन फणसापुढे उभे राहिले आणि वर्गातल्या आवाजात त्याला म्हणाले की तू फळ देत नाहीस, तुला तोडतो. खोडावर हलकेच एक घाव घातला. तेवढ्यात ठरल्याप्रमाणे आई स्वयंपाकघरातून पदर खोचत धावत आली आणि हात जोडून म्हणाली, ‘नको हो तोडू, राहू द्या, पुढच्या वर्षी धरील.’ ही रीतच आहे. एकाने भीती घालायची, दुसऱ्याने रदबदली करायची, झाडाने ऐकायचं. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, मी खोडाला मिठी मारून भोकाड पसरलं. पुढच्या वर्षी झाडाला फणस लागले. बाबांनी श्रेय कोयतीला दिलं, आईने स्वतःला, आणि मला अजूनही वाटतं की काम माझ्या रडण्याने झालं.

आता बाबा नव्हते, म्हणून कोयतीची बाजू आईने स्वतःकडे घेतली. घरात कोयती नव्हती. तिने शेडमधून नवऱ्याची फांद्या कापायची करवत काढली, जिचं पुठ्ठ्याचं वेष्टणही त्याने काढलेलं नव्हतं. पाचवारी पातळ, त्यावर माझं फुगीर जॅकेट, डोक्याला कानटोपी, पायात मोज्यांवर चपला आणि हातात करवत. नवऱ्याने खिडकीतून हे ध्यान पाहिलं आणि त्याला एकाएकी ऑफिसचं काम आठवलं. शनिवारी.

मी आईला समजवायचा प्रयत्न केला की झाड आयरिश आहे, त्याला मराठी कळत नाही.

‘करवत कळेल ना,’ आई म्हणाली. ‘तू फक्त माझं वाक्य म्हणायचंस. नको तोडूस, राहू दे, पुढच्या वर्षी धरील. येतं ना गो?’

येत होतं. पाठच होतं.

आई झाडापुढे उभी राहिली आणि तिने तोंड सोडलं. बाबांनी एका वाक्यात भागवलं होतं. आईने ‘मेल्या, मुडद्या’पासून सुरुवात केली. खातोस, पितोस, ऊन नाही तरी बघ अंगाने कसा सुटलायस. एवढी वर्षं झाली, माणसं आशेने बघतायत तुझ्याकडे, तुला काहीच कसं वाटत नाही? शेजारच्यांना बघ. तुझ्यामागून आलेल्यांना बघ. आता गय नाही, तोडते. असं म्हणून तिने करवत खोडाला लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. ती झाडाला बोलत होती हे मला समजत होतं, आणि तरी एकेक वाक्य येऊन नेमकं मला लागत होतं. शिवाय ते पुढच्या वर्षीचं. ते मी इतक्यांकडून इतक्यांदा ऐकलं होतं, स्वतःला इतक्यांदा म्हटलं होतं, की आता नाटकातसुद्धा ते म्हणायची माझी इच्छा नव्हती. आईने डोळ्यांनी खुणावलं. तिने करवत एकदा खरोखरच ओढली, आणि सालीचा बारीक भुसा तिच्या चपलेवर पडला.

तेवढ्यात शेजारचं दार धाडकन उघडलं. आजोबा ड्रेसिंग गाऊनमध्ये, एका हातात चहाचा मग, तो सांडतोय याचंही भान नाही, अशा अवस्थेत भिंतीच्या वळशापाशी आले आणि दुसरा हात वर करून आईला विनवू लागले. नको, बाई, नको, सोडा त्याला, राहू द्या. आवाजात खरीखुरी भीती होती. त्यांना आमची रीत ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. त्यांना फक्त एवढं दिसत होतं की भारतातून आलेली एक म्हातारी त्या मंडळींच्या घरावर करवत चालवतेय आणि त्यांचं घर लगतच आहे.

आईने करवत थांबवली. ‘काय म्हणतात ते?’

‘नको तोडू, राहू दे म्हणतायत.’

तिचा चेहरा खुलला. ‘बघ. शेजाऱ्यांना कळतं, आणि पोटच्या मुलीला कळत नाही. आणि पुढच्या वर्षीचं?’

‘ते नाही म्हणाले.’

‘मग विचार. ते म्हटल्याशिवाय पुरं नाही होत.’

मी आजोबांना विचारलं की आई म्हणते, पुढच्या वर्षी तरी ह्याला फळं येतील का. आजोबा आधी माझ्याकडे, मग करवतीकडे बघत राहिले आणि मग त्यांना हसू आवरेना. ‘ह्याला? अहो, हा गडी आहे,’ असं ते म्हणाले, आणि मगाच्या हाताने आपल्या परसाकडे बोट दाखवून, ‘आमची ती जी नटून बसलीय ना, ती ह्याच्यामुळे. दर नाताळात मी तुम्हाला बिस्किटांचा डबा का आणून देतो असं वाटतं तुम्हाला?’ मला वाटत होतं शेजारधर्म म्हणून. तो डबा झाडाच्या सेवेबद्दल होता हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

मी आईला सांगितलं.

‘बाप्या आहे?’

‘हो.’

‘तुला ठाऊक होतं?’

‘हो.’

‘मग मी एवढं बोलले त्याला, तेव्हा गप्प का राहिलीस?’

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते दारात उभं राहून द्यायचं नव्हतं. आईने करवतीचा भुसा पदराने पुसला, खोडावरून हात फिरवून झाडाची माफी मागायला गेली आणि काटा टोचून घेतला.

स्वयंपाकघरात येईपर्यंत तिने नवी मांडणी केलेली होती. आपला मुलगा, त्यांची मुलगी, म्हणजे हे लोक आपले व्याही. आपण मुलाकडचे. एवढी वर्षं संसार चाललाय, लेकुरवाळी झालीय त्यांची पोर, आणि मानपान काय तर बिस्किटांचा डबा. तरी आपण रीत सोडायची नाही, असं म्हणत ती त्याच दुपारी खण आणि नारळ घेऊन शेजारच्या आजींकडे गेली, दुभाषी म्हणून मला ओढत. आजींनी खणाचा गळ्याला रुमाल केला, नारळ फायरप्लेसवर मांडला आणि सगळं ‘ग्रँड’ आहे असं म्हणाल्या. आईने परसातल्या हॉलीला हळदकुंकू वाहिलं. आजोबांनी ते मन लावून बघितलं आणि मला हळूच विचारलं की याने त्या मंडळींना काही त्रास तर होणार नाही ना. मी म्हटलं, उलट खूश होतील. आई आणि आजोबा, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघांचं छान जमलं होतं.

त्या संध्याकाळी आई खुशीत होती. मी मेथी निवडत होते. मावशीकडून मुहूर्त आला होता. आईने मेतकुटाच्या पिशवीतून ती दुसरी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली आणि उद्यापासून दुधातून घे म्हणाली. आता याच्या पुढे पळायला जागा नव्हती.

‘आई, आम्ही थांबवलंय,’ मी म्हटलं.

‘काय थांबवलंय?’

‘डॉक्टर, इंजेक्शनं, सगळंच. उन्हाळ्यातच. आता आम्हाला मूल होणार नाही. तू वाट बघू नकोस.’

आईने माझ्यापुढची मेथीची जुडी आपल्याकडे ओढली आणि पानं खुडायला लागली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, जावयांना मान्य आहे का. मी म्हटलं, दोघांनी मिळून ठरवलंय. मग दोष कुणाचा, असं तिने विचारलं नाही, पण तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, म्हणून मी आपणहून सांगितलं की कुणाचाच सापडला नाही. ती ‘हं’ म्हणाली. त्या दिवशीची मेथी इतकी खारट झाली की नवऱ्याने तीन पोळ्या दह्याशी खाल्ल्या आणि एक शब्द बोलला नाही. नवरा म्हणून तो मला इथेच आवडतो.

पुढचे काही दिवस वाईट गेले. आई माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती शेगडीशी भांडली, खिडकीबाहेरच्या साडेचारच्या अंधाराशी भांडली, डबे उगाच या कपाटातून त्या कपाटात हलवत राहिली. एकदा भांडी पुसता पुसता तिच्या तोंडून एवढंच निघालं की ‘हे’ असते तर मला बोलायला कुणी तरी असतं. मला तिची कीव आली आणि रागही आला. मला म्हणायचं होतं की जे गेलं ते आधी माझं गेलंय, मग तुझं. मावशीचा कान रोज पडद्यावर यायचा आणि आई फोन घेऊन आपल्या खोलीत जायची. आत ती काय सांगते ते मला ऐकू यायचं नाही, आणि मी दाराशी उभी राहायचे.

एका सकाळी खिडकीतून बघते तर आई जॅकेट आणि कानटोपी घालून हॉलीपाशी वाकलेली. मी धावत खाली गेले. करवत नव्हती. तिच्या हातात मावशीची पिशवी होती आणि ती करडी पूड ती झाडाच्या बुंध्याशी शिंपडत होती, वर तांब्याने कोमट पाणी.

‘वाया कशाला घालवा,’ ती म्हणाली. ‘महागाचं आहे. ह्याला लागू पडलं तर विहीणबाईंचं भलं होईल.’

मी तिथेच पायरीवर बसून हसले, आणि हसता हसता रडायलाही लागले. आईने आधी पाठीत एक धपाटा घातला. मग पदराच्या टोकाने माझं नाक पुसलं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आजोबा आले. हॉलीची फांदी त्या दिवसाच्या आधी घरात आणायची नाही अशी त्यांची रीत आहे, त्यामुळे आमच्यासाठी आणलेली लाल फळांची जुडी त्यांनी चार दिवस बाहेर बादलीत ठेवली होती. बदल्यात त्यांना आमच्या गड्याची एक हिरवी फांदी हवी होती. काटेरी फांदी आधी आत आली तर वर्षभर घरात नवऱ्याचं चालतं आणि गुळगुळीत आली तर बायकोचं, असंही त्यांनी सांगितलं, अर्थात आपण मानत नाही असं म्हणून. हे मराठीत सांगून होईस्तोवर आईने जावयांना शिडीवर चढवून शेंड्याची बिनकाट्यांची डहाळी काढवली आणि ती सगळ्यांच्या आधी घरात आणून दारावर लावली. नवरा म्हणाला की एवढा खटाटोप कशाला, कामकाज आधीपासून तसंच चालू आहे. बिस्किटांचा डबा आईने मानाचा म्हणून दोन्ही हातांनी घेतला.

ते गेले आणि फोन वाजला. या वेळी आईने फोन खोलीत नेला नाही. तो ओट्यावर तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला, मी पोळ्यांची कणीक मळत होते तिच्या शेजारीच. पडद्यावर कान आला, कुडी हलली, आणि मावशीचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. घेतलंन का तिने औषध? किती दिवस झाले? आता ऐक, तिला निक्षून सांग. वय काय कमी नाही झालेलं. त्या तुझ्या नणंदेच्या सुनेला बघ, हिच्यामागून लग्न झालं. एवढं शिकून, एवढं लांब जाऊन करायचंय काय नुसतं? पुढच्या वर्षी तरी…

माझे हात कणकेत तसेच थांबले. आई फोनजवळ गेली, अगदी त्या कानाशी तोंड नेल्यासारखी वाकली आणि तिने हात जोडले. मावशीला ते दिसणार नव्हते.

‘ताई, नको गो बोलूस तिला,’ ती म्हणाली. ‘राहू दे.’

पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी त्याची वाट बघत उभी राहिले. आईने हात खाली घेतले, ओट्यावर सांडलेलं पीठ तळहाताने गोळा करून परातीत टाकलं, आणि मावशीला विचारलं की तिकडे यंदा थंडी पडली का.